ॲक्सिडेंट झालेली स्पोर्ट्स कार घ्यायची की नाही, माझा अनुभव

गाडी होती माझदा एमएक्स-५, २०१७ चं मॉडेल, दोन लिटरचं इंजिन, मॅन्युअल गिअर, लाल रंग. जाहिरातीत एकच ओळ होती, "मायनर फ्रंट ॲक्सिडेंट, बंपर बदललाय, बाकी एकदम ओके". किंमत तशाच दुसऱ्या गाड्यांपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी. मी ही गाडी कॉलेजपासून मनात धरून बसलोय, १९८९ मध्ये पहिली मियाटा (एमएक्स-५ चंच दुसरं नाव) आली तिचे उघडमीट होणारे हेडलाइट मी वहीच्या मागच्या पानांवर काढायचो, त्यामुळे जाहिरात बघितली त्या रात्री झोप काही नीट लागली नाही.

निघताना बायकोने एवढंच विचारलं, "तू बघायला चाललायस की आणायला?" मी म्हटलं बघायला. पण खरं सांगायचं तर खिशात टोकनचे पैसे होते.

पहिली भेट अगदी पाण्यात गेली असं म्हणणार नाही, पण मी त्या दिवशी गाडी तपासलीच नाही. चालवली. टप उघडा, गिअरचा दांडा एवढासा, मनगटानेच पडतो, आणि जेमतेम हजार-अकराशे किलोची गाडी वळणावर जी आत शिरते ते ज्याने चालवलीय त्यालाच कळेल. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग किंचित डावीकडे ओढतंय असं वाटलं, पण मी मनातल्या मनात त्याचं खापर रस्त्याच्या उतारावर फोडलं. विकणारा मुलगा बोलायला चांगला होता, काही लपवतोय असं अजिबात वाटलं नाही. टोकन मात्र दिलं नाही, बायकोचा प्रश्न डोक्यात होता. दोन दिवसांनी परत येतो म्हटलं.

त्या दोन दिवसांत जे वाचलं, लोकांना विचारलं, त्यातून एक गोष्ट पक्की डोक्यात बसली. साध्या गाडीचा ॲक्सिडेंट आणि स्पोर्ट्स कारचा ॲक्सिडेंट यात फरक असतो. रोजच्या गाडीची भूमिती (चाकं बसवण्याचे कोन) अर्ध्या डिग्रीने इकडेतिकडे झाली तरी ती तुम्हाला ऑफिसला नेते आणि आणते, आपल्याला कळतही नाही. पण एमएक्स-५ सारख्या गाडीत आपण पैसे मोजतो तेच मुळी त्या अर्ध्या डिग्रीचे. म्हणजे ठोकर लागल्यावर जी गोष्ट सगळ्यात आधी जाऊ शकते, तिच्यासाठीच आपण ती गाडी घेत असतो. त्यामुळे "ॲक्सिडेंट झालाय का" यापेक्षा "धक्का कुठपर्यंत गेला" हा प्रश्न महत्त्वाचा. बंपर, बॉनेट, फेंडर हे बोल्टने लावलेले कपडे आहेत, ते बदलता येतात. त्यांच्या मागे जे लांबट पोकळ दांडे असतात, चासीचे रेल, ते गाडीचं हाड. आणि ते रेल मुद्दाम चुरगळतील असेच बनवलेले असतात, ही कल्पना बेला बारेनी या इंजिनिअरची, १९५९ च्या मर्सिडीजमध्ये ती पहिल्यांदा आली, की पुढचा भाग चुरगळून धक्का खाऊन टाकेल आणि माणसं बसतात ती पेटी शाबूत राहील. पण एकदा चुरगळलेला रेल सरळ केला की पुढच्या वेळी तो ठरल्याप्रमाणे चुरगळेलच याची खात्री कुणी द्यायची? मला हे वाचून पहिल्यांदा भीती वाटली, कारण बाजूच्या सीटवर माझी मुलगी बसणार होती.

दुसऱ्या भेटीला मित्राकडून रंगाची जाडी मोजायचं मशीन नेलं. कंपनीतून आलेला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असतो, परत रंगवला की २००-३०० च्या पुढे जातो, आणि खाली पुट्टी भरलेली असेल तर आकडा ५०० च्या वर, कधी हजाराच्याही वर जातो. मी पहिल्यांदा बॉनेटवर टेकवलं तर मशीन काहीच दाखवेना. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं पूर्ण बॉनेट पुट्टीचंच आहे की काय. मग लक्षात आलं, या मॉडेलला बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत आणि मित्राचं मशीन फक्त लोखंडावर चालणारं. त्या दिवशी तेवढं राहिलं, पुढच्या वेळी दोन्हीवर चालणारं आणलं. तुम्ही जाणार असाल तर हे आधी बघून घ्या, आणि बंपर प्लास्टिकचा असतो, त्यावर असली मशीन काही सांगत नाहीत.

लोखंडी भाग मात्र मोजले. मागचे दोन्ही फेंडर ११०-१२० च्या आसपास, उजवा दरवाजा ११५. डाव्या दरवाज्यावर मधोमध १३०, आणि हात पुढे पुढे नेला तशी बिजागरीच्या बाजूची कड ३००, मग ४८०. परत मोजलं, तेच. म्हणजे दरवाज्याच्या पुढच्या कडेला परत रंग, आणि खाली बहुतेक पुट्टीही. आता बंपरला लागलेली "मायनर" ठोकर दरवाज्याच्या कडेपर्यंत कशी येईल? फेंडर मागे सरकून दरवाज्यात घुसल्याशिवाय येणार नाही. मी तिथेच उकिडवा बसून त्या फटीकडे बघत राहिलो. उजवीकडे फेंडर आणि दरवाज्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी, डावीकडे खाली जाता जाता बारीक होत गेलेली, नीट बघितल्याशिवाय दिसणार नाही इतकीच.

मग बाकीचं आपोआप दिसायला लागलं. डावा हेडलाइट उजव्यापेक्षा स्वच्छ, काचेत जराही धूसरपणा नाही. डाव्या फेंडरच्या बोल्टांचे कोपरे पान्याने घासलेले, रंग उडालेला. इग्निशन चालू केलं तेव्हा एअरबॅगचा दिवा लागला आणि काही सेकंदांत गेला, हे बरोबर आहे, तो लागलाच नसता तर बल्ब काढलाय किंवा काहीतरी जुगाड केलाय असं समजायचं. पण स्टीअरिंगच्या मधलं कव्हर, ज्याच्या मागे एअरबॅग असते, ते डॅशबोर्डपेक्षा काळंकुट्ट, नवं कोरं. मग मला सीट बेल्ट आठवला. बेल्टच्या खालच्या टोकाला, सीटच्या कडेला, एक छोटं लेबल शिवलेलं असतं, त्यावर बनवल्याची तारीख असते. मोबाइलचा टॉर्च लावून, गालिचा बाजूला करून वाचलं. बाजूच्या सीटचा बेल्ट २०१७. ड्रायव्हरचा २०१९.

बेल्ट उगाच कोणी बदलत नाही. जोराची धडक बसली की बेल्टमधला प्रीटेन्शनर फुटतो, बेल्ट खेचून माणसाला सीटला आवळतो, आणि तो एकदाच चालतो, मग आख्खा बेल्टच बदलावा लागतो. म्हणजे या गाडीत कोणीतरी बसलेलं असताना बेल्ट आवळला गेला होता आणि एअरबॅगही बहुतेक उघडली होती.

मी त्या मुलाला लेबल दाखवलं. तो खरंच गप्प झाला. म्हणाला, "मी दोन वर्षांपूर्वी घेतली तेव्हा मलाही बंपरच सांगितलं होतं, मी तेच लिहिलं." मला ते खरं वाटलं, अजूनही वाटतं. मी विचारलं, रिपेअरच्या आधीचे फोटो, क्लेमचे कागद, बिल काही आहे का? त्याच्याकडे सर्व्हिसचे कागद होते, पण २०१९ चं पान नव्हतं. माझ्या मते अशा गाडीत सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे दुरुस्तीच्या आधीचा फोटो. तो असेल तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

तिसऱ्या भेटीला मी त्याला विनंती केली की गाडी लिफ्टवर चढवू, खर्च माझा. तो तयार झाला, हेही त्याच्या बाजूने सांगायला हवं, अनेक जण नाही म्हणतात आणि नाही म्हटलं की आपण तिथूनच मागे फिरावं. माझ्या ओळखीचे एक डेंटिंगवाले काका आहेत, आयुष्य चासी ओढण्यात गेलंय, त्यांना घेऊन गेलो. लाल रंगाकडे मी परत बघायला लागलो तर म्हणाले, "रंग नको बघूस रे, रंग करणारे हुशार असतात. खाली ये."

आधी त्यांनी टेप काढली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी, स्टीअरिंग सरळ धरून. या गाडीचा व्हीलबेस २३१० मिलिमीटर. उजवीकडे २३१० च आलं. डावीकडे २३०१. मी म्हटलं टेप हलली असेल, तर त्यांनी मला टेप देऊन स्वतः मोजायला लावलं. मी मोजलं. २३०१. डावं पुढचं चाक नऊ मिलिमीटर मागे बसलेलं.

अलाइनमेंटच्या मशीनवर तेच दुसऱ्या भाषेत आलं. टो (चाकं वरून बघताना आत-बाहेर किती वळलीत) जुळवून दिलेलं होतं, कॅम्बर (चाक समोरून किती कललंय) दोन्हीकडे जवळपास सारखा, पण कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं तो बाजूने बघताना किती मागे कललाय) डावीकडे उजव्यापेक्षा एक डिग्रीहून कमी. ज्या बाजूचा कॅस्टर कमी त्या बाजूला गाडी ओढते, म्हणजे पहिल्या दिवशी मी उतारावर ढकललेली ती ओढ हीच. कॅस्टर थोडाफार ॲडजस्ट होतो, पण इथे ॲडजस्टमेंट शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली होती. कोणीतरी होता होईल तेवढं जुळवून सोडून दिलं होतं.

मग काकांनी डाव्या रेलवर टॉर्च मारला. वरून ताजं काळं अंडरकोट मारलेलं, उजव्या रेलवर कंपनीचं फिकट, धुळकट झालेलं. त्यांनी नखाने थोडं खरवडलं. खाली पत्र्याला एक बारीक सुरकुती, बोटाला लागेल एवढीच, आणि तिच्या आजूबाजूला पत्रा निळसर-तपकिरी. "गॅस मारलाय," म्हणाले. म्हणजे तापवून, ओढून सरळ केलेला. जुन्या गाड्यांचा पत्रा मऊ होता तेव्हा हे चालून जायचं, आता हे रेल हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीच्या स्टीलचे असतात, ते तापवलं की त्याची ताकद उतरते, म्हणून तो भाग कापून ठरलेल्या जागी नवीन जोडायचा असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. काकांनी माझ्या हाताचं बोट धरून त्या सुरकुतीवरून फिरवलं, आणि ते थंड, खडबडीत लागणं मला अजून आठवतं.

त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला, किंमत अजून बरीच खाली आणतो म्हणाला. इथे मी खरा अडकलो. कारण आता आकडा असा होता की रेल नीट बदलून, जिगवर (चासी पकडून मापात धरणाऱ्या चौकटीवर) बसवून, मोजून घेतली तरी हिशेब जवळपास जमत होता. मी दोन रात्री कागद घेऊन बसलो. काकांना विचारलं तर ते म्हणाले होईल, पण इंजिन उतरवावं लागेल, आणि आत अजून काय निघेल ते उघडल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. विमा कंपनीला विचारलं, त्यांना आधीच्या नुकसानीचे कागद हवे होते, ते तर नव्हतेच. आणि पुढे कधी विकायची वेळ आली तर मला हे सगळं समोरच्याला सांगावं लागणार, न सांगता विकणं माझ्याच्याने होणार नाही, म्हणजे आज मला मिळणारी सूट ही उद्या मला द्यावी लागणारीच सूट. एखाद्याकडे स्वतःचं गॅरेज असेल, गाडी फक्त ट्रॅकवर पळवायची असेल, रोल केज (आतून पाइपांचा पिंजरा) टाकायची असेल, तर त्याच्यासाठी हा सौदा चांगला असू शकतो, मी त्याला नावं ठेवणार नाही. मला मात्र मुलीला शेजारी बसवून पहाटे फिरायला जायचं होतं, आणि त्या सुरकुतीवरून फिरलेलं बोट काही केल्या विसरता येईना.

मी नाही म्हणालो. फोनवर नाही, जाऊन सांगितलं. वाईट वाटत होतं, गाडी तिथे उभी होती, संध्याकाळच्या उन्हात इतकी सुंदर दिसत होती की मी तिच्या बाजूने न जाता पलीकडून गेलो. अलाइनमेंटचा प्रिंट, रंगाचे आकडे लिहिलेला कागद आणि रेलचे फोटो त्याच्या हातात दिले. ॲल्युमिनियमचेही आकडे तोवर घेतले होते, बॉनेट २६०, डावा फेंडर २४०, उजवा ११५. त्याला म्हटलं, "हे तुमच्याकडेच असू द्या, पुढच्याला दाखवा." त्याने बराच वेळ सुरकुतीचा फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "मी रोज चालवतोय, चालवू का?" मी म्हटलं मी डेंटर नाही, पण काकांना पुढच्या चाकाचे जॉइंट आणि सबफ्रेम (ज्या चौकटीवर पुढचं सस्पेन्शन बसतं ती) नीट बघायला सांगा आणि तोवर दामटू नका. काकांचा नंबर दिला.

साधारण दहा दिवसांनी सवयीने परत जाहिराती चाळत होतो तर ती गाडी दिसली. फोटो तेच. किंमत अजून खाली. आणि "मायनर फ्रंट ॲक्सिडेंट" च्या जागी लिहिलेलं होतं, "पुढच्या डाव्या रेलचं काम झालेलं आहे, एअरबॅग उघडलेली होती, सगळे रिपोर्ट आणि फोटो दाखवतो, लिफ्टवर लावून बघा मगच बोला". मी ते बायकोला वाचून दाखवलं.