पाच पाऊणे पावणेचार

लग्नाचा मुहूर्त गुरुजी काढतात आणि प्री-वेडिंगचा मुहूर्त मी काढतो, आणि हसू नका, पण बघतो आम्ही दोघंही तिथीच.

मी कळव्यात राहतो, नऊ वर्षं लग्नं शूट करतोय. तलावपाळी, उपवन, येऊर सगळं वापरून झालंय (येऊरला फाटकावर फॉरेस्टवाले अडवतात म्हणून लोक चिडतात, पण नॅशनल पार्क आहे ते, आपल्या मामाचं शेत नाही). गेल्या तीन-चार वर्षांत डिमांड एकच, नवी मुंबईत पाम बीच रोडला फ्लेमिंगो. फोनवर कुठलीतरी रील पाठवतात आणि विचारतात, दादा असं मिळेल ना.

तर फ्लेमिंगो पाहिजे असतील तर तिथी बघावीच लागते. ओहोटीला हे पक्षी खाडीच्या चिखलात चरत असतात, भरतीचं पाणी चिखलावर चढलं की चरायला जागा उरत नाही, मग ते आत येतात, नेरूळ-सीवूड्सला टी. एस. चाणक्य या मर्चंट नेव्हीच्या कॉलेजमागे, एनआरआय कॉलनीच्या मागे जी उथळ तळी आहेत तिथे, आराम करायला. म्हणजे भरतीच्या आगेमागेच जायला हवं. आणि भरतीची वेळ काढायची कोळ्यांची पद्धत म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठ पाऊणे सहा, सहा वाजता भरती. आजोबांनी पाऊणकीचा पाढा मारून मुटकून पाठ करून घेतला होता, त्याच्यावर पैसे कमावणारा आख्ख्या खानदानात मी एकटाच.

पण नुसती वेळ जुळून चालत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पक्षी भरपूर आत येतात, पण भरती होते अकरा-बाराला, ऊन डोक्यावर, नवरीच्या डोळ्यांखाली काळे खड्डे. अष्टमीला वेळ मस्त, सकाळी सहा संध्याकाळी सहा, पण तेव्हा भांगाची भरती, पाणी चिखलावर पुरतं चढतच नाही त्यामुळे पक्षीही आत कमी येतात. मधली चतुर्थी-पंचमी सगळ्यात बेस्ट. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला भरती, पक्षी आत निवांत, आणि साडेपाचनंतर खाडीच्या बाजूने जो तिरपा उजेड येतो तो पक्ष्यांच्या आणि जोडप्याच्या पाठीमागून येतो, केसांना कड सुटते, पाणी तांब्यासारखं दिसतं. हे मी कुठल्या कोर्समध्ये शिकलेलो नाही, चार सीझन बांधावर उभं राहून डास खाऊन शिकलोय, आणि मला त्याचा माज आहे. ड्रोन घेऊन येणारी पोरं भर दुपारी ओहोटीला येतात आणि मोकळ्या तळ्याचे शॉट घेऊन जातात.

ही गोष्ट फेब्रुवारीची, संकष्टीच्या दुसऱ्या दिवसाची. पार्टी डोंबिवलीची, दोघं आयटीतली, सुट्टी टाकून आलेली. चांगली माणसं. मेकअपवाली नेहमीप्रमाणे पाऊण तास उशिरा. पॅकेजमध्ये दोन लोकेशन होती, आधी फ्लेमिंगो साडीत, मग अंधार पडला की बेलापूरला महापालिकेच्या मुख्यालयासमोर लाइटिंगमध्ये काळा गाऊन. बरोबर नवऱ्याचा मामेभाऊ, गाडी चालवायला. माझा असिस्टंट वाऱ्यात फ्लॅशचा स्टँड धरून उभा, त्यामुळे रिफ्लेक्टर मी मामेभावाच्या हातात दिला. वॉचमनची शिट्टी एकदा वाजून गेलेली, त्याचा नियम सोपा आहे, मोबाइलवर काहीही काढा, गळ्यात मोठा कॅमेरा दिसला की तो चोर.

पक्षी सत्तर-ऐंशी मीटरवर होते, चार-पाचशे तरी असतील. नवरी बघून म्हणाली, एवढे पांढरे कसे? हे प्रत्येक नवरी म्हणते. उभ्या फ्लेमिंगोचा रंग लांबून फिकाच वाटतो, पिल्लं तर करडी असतात, गुलाबी रंग त्यांना खाण्यातून, त्या शेवाळातून चढत जातो. खरा लालभडक रंग असतो पंखात, काळ्या कडेसकट, आणि तो पंख मिटलेले असताना झाकलेला असतो. उडाले की दिसतो. म्हणून सगळ्यांना उडतानाचा फोटो हवा असतो आणि म्हणून मी फोनवर बुकिंगच्या वेळेलाच सांगतो की पक्षी उडवणार नाही. यांनाही सांगितलं होतं. नवरा म्हणालाही होता, नाही नाही दादा, ऑफ कोर्स.

साडेपाच वाजले होते. ७०-२०० लेन्स लावलेली, पूर्ण झूम, म्हणजे मागचे पक्षी जवळ ओढल्यासारखे मोठे दिसतात. फ्लॅशमुळे शटर अडीचशेवर, म्हणजे सेकंदाचा अडीचशेवा भाग. दोघं आता कुठे सैलावली होती, ती त्याच्या कॉलरवरचा किडा झटकत होती, तो मान आखडून हसत होता, असलं काहीतरी सांगून मिळत नाही. आणि एकदम तिच्या डाव्या गालावरचा सोनेरी उजेड गेला. फ्लॅश पेटतोय, पण तो मऊ भाग गायब. म्हणजे रिफ्लेक्टर खाली ठेवला. मी डोळा काढून बघितलं तर मामेभाऊ वाकलेला, बांधावरची खडी चाचपतोय.

आता पुढचे चार-पाच सेकंद. फ्लेमिंगो काही कबुतरासारखा फुर्रकन उडत नाही. आधी माना वर होतात, सगळ्या एका दिशेला, मग चालायला लागतात, मग पाण्यावर धावत सुटतात आणि मग कुठे उचलले जातात. हे मला माहीत आहे. मी ‘ए’ एवढं ओरडलो असतो तरी तो थांबला असता, तो काही वाईट मुलगा नव्हता, त्याला वाटलं आपण मदत करतोय. मी ओरडलो नाही. माझ्या अंगठ्याने डायल फिरवला, अडीचशेवरून सोळाशे, कारण अडीचशेला पंखांची टोकं हलतात. दुसऱ्या हाताने आयएसओ वर ढकलला आणि नवरा-नवरीला म्हणालो, हलू नका, माझ्याकडे बघू नका. मग दगड पडल्याचा आवाज आला. असिस्टंटने नंतर मला विचारलं की सर तुम्हीच सांगितलं होतं का त्याला. मी नाही म्हणालो, आणि ते खरं आहे, तरी तो ज्या नजरेने बघत होता ती बरोबर होती.

अकरा फ्रेम मिळाल्या. त्या स्पीडला फ्लॅश दमतो, चारच वेळा पेटला, बाकी सातात चेहरे काळे. चारांतल्या एकात सगळं जुळलंय, मागे आख्खी भिंत उठल्यासारखे लाल-काळे पंख, पायांनी उडालेलं पाणी, पुढे ही दोघं. फोटो चांगला आहे. नऊ वर्षांत काढलेल्यात पहिल्या तिनात येईल, उगाच खोटी नम्रता नको.

बरेचसे पक्षी एक चक्कर मारून पलीकडच्या टोकाला उतरले, काही खाडीकडे गेले. बांधावरून एक काका येत होते, करावे गावातले असावेत, खांद्यावर जाळं. ते थांबले, आमच्याकडे बघितलं, मला वाटलं शिव्या घालणार. म्हणाले, “अर्ध्या तासात गेलीच असती आपसूक. पानी उतरतंय, दिसत नाय का तुला?” आणि गेले.

दिसत होतं. तेच तर. पावणेचारची भरती, सहाच्या आसपास चिखल उघडा पडायला लागतो आणि पक्षी आपले आपण उठून चरायला बाहेर जातात, हे मी चार सीझन बघितलंय, लोकांना सांगून भाव खातो. पण मला बेलापूर गाठायचं होतं, ट्रॅफिक होतं, गाऊन बदलायचा होता. आम्ही सामान भरलं. नवरी गाडीत साडी सोडत होती, आम्ही पुरुष पाठ करून उभे, सहा वाजून पाच-दहा मिनिटं झाली असतील, आणि ते उठले. वीस-वीस, तीस-तीसच्या तुकड्या, सूर्यावरून, आवाज न करता. मामेभावाने मोबाइल काढला. “अरे हे तर आपोआप चाललेत!” असं तोच म्हणाला. माझा कॅमेरा बॅगेत, बॅग डिकीत.

जाता जाता नवऱ्याने विचारलं, दादा पण हे लीगल आहे ना? मी म्हटलं, अभयारण्य तिकडे खाडीत, ही तळी त्यात येत नाहीत. माहिती म्हणून बरोबरच आहे, खाडीचं अभयारण्य २०१५ सालचं, २०२२ मध्ये खाडी रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतही आली, आणि ही तळी त्या रेषेबाहेर आहेत. याच तळ्यांवर गोल्फ कोर्स करायचा घाट होता तेव्हा लोक हायकोर्टात गेले, तेव्हा मी स्टेटसला ‘सेव्ह वेटलँड्स’ ठेवलं होतं. पक्ष्याला रेष कुठे माहीत असते, तो दोन्हीकडे राहतो, हेही मला त्या वेळी बोलता आलं असतं.

फोटोत डाव्या कोपऱ्यात मामेभावाचा हात आला होता, दगड सोडल्यानंतरचा, बोटं उघडी. तो मी एडिटिंगमध्ये पुसला, तिथे पाणी भरलं. घोडबंदरच्या लॉनवर रिसेप्शनला एंट्रीलाच सहा फुटी फोटो लावला होता, लोक त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढत होते. कॉलरवरचा किडा झटकतानाचा फोटो, दगडाच्या दोन फ्रेम आधीचा, मी अल्बममध्ये घालायला सुचवला तर नवरी म्हणाली यात फ्लेमिंगो नुसते उभे आहेत.

त्या एका फोटोवर मला या सीझनला सहा बुकिंग आली. कालच ऐरोलीहून एकीचा फोन, तारीख विचारत होती. मी कॅलेंडर उघडून संकष्टी बघितली, पुढचा दिवस दिला, साडेचारला बांधावर या म्हटलं.

“पण दादा, तो उडतानाचा मिळेल ना? तुमच्या पेजवर आहे तसा?”

मी म्हटलं, ते सगळं भरतीवर असतं.