आधारप्रमाणे सातव्या वर्षी आई

नवी मुंबईतल्या दिघ्यात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, अधिवास, जातीचे दाखले आणि मधल्या वेळात झेरॉक्स, लाईट बिलं. श्रावणबाळ आणि संजय गांधी या म्हाताऱ्या-निराधारांच्या सरकारी पेन्शन योजनांचे अर्ज म्हणजे यातलं सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात कमी कमाईचं काम. तरी ते टाळता येत नाही. इथल्या वस्त्यांमध्ये मराठवाड्यातून दगडखाणीवर आलेल्या पिढीतल्या एकट्या म्हाताऱ्या खूप आहेत, आणि त्यांना पोर्टल वगैरे काही माहीत नसतं. त्या थेट विचारतात, "माझा पगार कधी चालू व्हायचा?"

ही आजी इलठणपाड्यातली. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी हाताला धरून घेऊन आली होती. श्रावणबाळचा अर्ज दुसरीकडे कुठेतरी भरलेला, पावती तेवढी जपून ठेवलेली. क्रमांक टाकला तर समोर आलं, नामंजूर. शेरा एवढाच: वय 65 पेक्षा कमी.

मी आजीकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. कंबरेत वाकलेली, हाताला धरल्याशिवाय पायरी न चढू शकणारी बाई आणि आधारवर जन्मतारीख 01/01/1964. म्हणजे एकसष्ट.

एक जानेवारी दिसली की मला पुढचं कळतं. आधारचे कॅम्प लागले तेव्हा ज्यांच्याकडे जन्माचा कागद नव्हता त्यांना ऑपरेटरने विचारलं, वय किती? बाईने काहीतरी सांगितलं किंवा त्यानेच तोंडाकडे बघून आकडा टाकला, आणि वर्षाच्या पुढे मशीनने एक जानेवारी लावली. त्या वेळी कुणाला वाटलंही नसेल की पुढे याच अंदाजावर पेन्शन अडेल.

"आणखी काय कागद आहेत, आजी?"

तिने पिशवी काउंटरवर उलटी केली. रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, मुलाच्या मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक. सगळ्यात आत दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला एक जाड, पिवळा पडलेला कागद होता. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, जालन्याकडच्या जिल्हा परिषद शाळेचा. घड्यांवर फाटलेला आणि मागून चिकटपट्टी लावलेला. जन्मतारीख 1 जून 1971, खाली अक्षरी. (गुरुजींची एक जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला पट्टीत बसवायचं, मग सगळा वर्ग एकाच दिवशी जन्मायचा. आईची तारीख मशीनने ठरवली, मुलाची हेडमास्तरांनी.)

मी हिशेब केला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, आधारप्रमाणे तुम्ही सातव्या वर्षी आई झालात."

रांगेतले दोघंतिघं हसले. ती मुलगी हसली. आजीही हसली, पण तिचं हसू लगेच थांबलं. म्हणाली, "सातव्या वर्षी? बहात्तरच्या दुष्काळात ह्याला काखंत घिऊन खडी फोडली म्या. सुकडी खायला भेटायची कामावर, ती ह्याला चारायची. तवा मी सात वर्साची होते व्हय?"

आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचं कॅलेंडर असं असतं. बहात्तरचा दुष्काळ, इंदिरा गांधी गेल्या ते साल, किल्लारीचा भूकंप. त्यावरून वय काढलं तर एखाददुसऱ्या वर्षाची चूक होईल, दहा वर्षांची नाही होणार.

दुपारी शटर ओढून मी तिच्याबरोबर तहसील कचेरीत गेले. एरवी मी जात नाही, पण निराधार शाखेतल्या माणसाला सातव्या वर्षाची गोष्ट फोनवर सांगून कळली नसती. कारकून भला होता. दाखला उलटसुलट बघितला आणि बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं, "मॅडम, यात आईचं नाव कुठाय?"

नव्हतंच. त्या काळच्या दाखल्यावर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जात. आईचा रकाना पुष्कळ नंतर आला.

मग त्याने एक वाट सुचवली, आणि खरं सांगते, मला ती पटली होती. तो म्हणाला, कशाला वयाच्या भानगडीत पडता? आजी विधवा आहेत. आधारचं एकसष्ट धरा आणि संजय गांधी निराधारमध्ये विधवा म्हणून नवा अर्ज टाका. ती योजना पासष्टच्या आतल्यांसाठीच आहे. पैसे तेवढेच.

त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं. श्रावणबाळ पासष्ट आणि त्यापुढच्यांसाठी, संजय गांधी त्याआधीच्यांसाठी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत ही अट दोन्हीकडे, महाराष्ट्रात पंधरा वर्षं वास्तव्य हीही अट दोन्हीकडे. 2023 पासून दोन्हींत आजीसारख्या बाईला महिन्याला 1,500. संजय गांधीतल्या बाईला पासष्ट पूर्ण झाली की तिला उचलून श्रावणबाळमध्येच टाकतात. कागदावर ही एकसष्टची असो की एकाहत्तरची, सरकार तिला दीड हजारच देणार होतं. फक्त अर्ज चुकीच्या डब्यात पडला म्हणून शून्य. (21,000 ची अट तर बोलण्यापलीकडची आहे. महिन्याला 1,750. भांडी घासणारी बाईसुद्धा खरं उत्पन्न सांगून त्यात बसत नाही. पण तो वेगळा विषय.)

मी आजीला समजावून सांगितलं. एकसष्ट लिहायचं, पैसे तेवढेच, कामही लवकर होईल. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग दाखला माझ्या हातातून घेतला, पुन्हा दुधाच्या पिशवीत घातला आणि म्हणाली, "एकसष्ट लिवलं तर ह्यो कोनाचा पोरगा मग? नगं माय. तसं नगं लिवू."

कारकून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. मनात म्हटलं, आजी, इथे कोण तुमच्या पोराचा हिशेब बघायला बसलंय? पण अर्ज तिचा, अंगठा तिचा. मी गप्प बसले.

परत येताना रिक्षात शेजारच्या मुलीने विचारलं, "ताई, मतदान कार्ड चालतं का? आजीचं घरी आहे, गणपतीच्या फोटोमागे."

ते आधी विचारायचं सुचलं नाही, कारण हल्ली कुणी मतदान कार्ड आणतच नाही. सगळे आधार पुढे करतात. मुलगी पळत जाऊन घेऊन आली. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळातलं कार्ड. लॅमिनेशन कडेने सुटलेलं, आत पाणी शिरून फोटोचा कान गेलेला, ठळक कुंकू लावलेली काळीसावळी बाई कॅमेऱ्याकडे रागाने बघतेय. खाली छापलेलं: 1.1.1995 रोजी वय 41.

आता हिशेब जुळत होता. मुलगा झाला तेव्हा सतरा-अठराची. आज एकाहत्तर. ऐरोली मतदारसंघाच्या यादीत नाव शोधलं, नवऱ्याच्या नावासकट सापडलं, आणि वयाच्या रकान्यातही एकाहत्तरच.

श्रावणबाळच्या शासन निर्णयात वयाचे पुरावे दिलेले आहेत: जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिकेत किंवा मतदार यादीत नमूद केलेल्या वयाचा उतारा, नाहीतर सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा वयाचा दाखला. उलट आधारबद्दल ते देणाऱ्या खुद्द प्राधिकरणाने डिसेंबर 2023 मध्ये परिपत्रक काढून सांगितलंय की तो जन्मतारखेचा पुरावा नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही वयासाठी आधार बाजूला ठेवून शाळेचा दाखला धरला. गंमत म्हणजे आजीचं ई-आधार मी नव्याने उतरवलं, तर त्याच्याच पानावर बारीक अक्षरात हे छापलेलं होतं: ओळखीचा पुरावा, जन्मतारखेचा नाही. जे कार्ड स्वतःच नाही म्हणतंय, त्याच्या तारखेवर अर्ज गेला होता.

नवा अर्ज श्रावणबाळमध्येच टाकला. मतदार यादीचा उतारा, जुन्या कार्डाची झेरॉक्स, आणि एका पानावर साध्या मराठीत निवेदन: आधारवरील वय अंदाजे नोंदलेले असून ते ग्राह्य धरू नये, सोबत पुरावा जोडला आहे. आजीचा हट्ट म्हणून मुलाच्या दाखल्याचीही प्रत जोडली, आईचं नाव नसलेली. पोच घेतली, त्यावर शिक्का आणि तारीख. हे मी सगळ्यांना सांगते: पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, आणि नुसतं तोंडी "होत नाही" म्हणाले तर लेखी कारण मागायचं. तेही दिलं नाही तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात स्वतःच्याच अर्जाची फाईल मागता येते.

समितीच्या बैठकीत मंजूर झालं. पैसे डीबीटीने आधार जोडलेल्या खात्यात आले, म्हणजे तिथे पुन्हा तेच आधार. मेसेज आल्यावर आजी आली आणि पहिला प्रश्न, "मागचे?"

"मागचे नाही मिळत, आजी. मंजुरीपासून पुढचे."

"म्हंजे चूक त्यांची आन् पैसं माझं गेलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधारवरची तारीख अजून तशीच आहे. ती बदलायला मतदान कार्ड चालत नाही, आणि जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते, त्यामुळे घाई करून भलताच आकडा टाकून घ्यायचा नाही. हयातीच्या पडताळणीत पुन्हा काही अडलं तर लागेल म्हणून तिची पूर्ण फाईल मी स्कॅन करून ठेवली आहे.

सध्या त्याच वस्तीतली आणखी एक फाईल टेबलावर आहे. आधार 1962, मतदान कार्डाप्रमाणे 1951. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला गावाहून यायचाय, तोवर अर्ज थांबवलाय.