नौपाड्यातला पाय ४: लोड, व्होल्टेज आणि उष्णतेची ताजी नोंद

मंडळी, घरी चोवीस तास चालणाऱ्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डावरची देखरेख आता हवी तशी बसली आहे. बोर्डावर कामं तीनच: पाय-होल (घरातल्या सगळ्यांसाठी वेबसाइटचे पत्ते शोधून देणारा आणि जाहिराती अडवणारा प्रोग्राम), घरच्यांच्या फोटोंचा बॅकअप आणि खोलीतल्या बीएमई२८० या तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या नोंदी. तरी संध्याकाळी सगळे घरी आले की वेबसाइट उघडायला वेळ लागायचा. एचटॉप या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये सीपीयू जेमतेम १५ टक्के आणि लोड ॲव्हरेज (चालू किंवा अडकलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या) मात्र ४ च्या वर.

लिनक्स लोड मोजताना सीपीयूच्या रांगेतल्या प्रोसेस धरतो, तशाच डिस्कची वाट बघत अडकलेल्या, ‘डी’ अवस्थेतल्या प्रोसेसही धरतो. व्हीएमस्टॅट या कमांडचे ‘बी’ (अडकलेल्या प्रोसेस) आणि ‘डब्ल्यूए’ (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) हे रकाने चालू ठेवून बसलो तेव्हा सगळी गर्दी एसडी कार्डापाशी दिसली. सेन्सरची एकेक नोंद एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये वेगळी कमिट (कायमची जतन) होत होती, आणि दर कमिटला डेटा खरोखर कार्डावर उतरेपर्यंत थांबावं लागतं. त्यातच फोनमधले फोटोही आधी त्याच कार्डावर येतात. आता नोंदी रॅममध्ये साठवून दर पाच मिनिटांनी एकगठ्ठा लिहितो. संध्याकाळचा लोड १ च्या खाली आला. एवढ्याशा बोर्डावर सीपीयूच्या टक्क्यांआधी कार्ड बघावं, असं माझं ठाम मत झालंय.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची, आणि ती जास्त फसवी आहे. रात्री फोटो यूएसबी हार्ड डिस्कवर जाताना कॉपीचा वेग मध्येच पडायचा. पायच्या व्हीसीजेनकमांड या कमांडला ‘गेट थ्रॉटल्ड’ (वेग आवरला का) विचारलं तर हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) ५०००० आलं. यातले खालचे बिट आत्ता काय चाललंय ते सांगतात; १६ पासूनचे बिट बूट झाल्यापासून काय घडून गेलं ते. ५०००० म्हणजे व्होल्टेज कमी पडलं होतं आणि बोर्डाने वेगही कमी केला होता. ऐन कॉपीत हाच आकडा ५०००५ होतो. पायची इशारा-पातळी साधारण ४.६३ व्होल्ट आहे. चार्जरच्या केबलमधल्या जाण्यायेण्याच्या तारांचा रोध मिळून ०.२ ओहम धरा. २.५ अँपिअर ओढले की अर्धा व्होल्ट केबलच खाते आणि चार्जरच्या ५ व्होल्टांतले ४.५ उरतात. फोनच्या चार्जरवर कितीही वॅट छापलेले असोत, हा हिशोब बदलत नाही. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा, केबल कायमची जोडलेला ॲडॅप्टर लावल्यापासून आकडा शून्य आहे.

वीज गेली की ते वरचे बिट पुसले जातात, म्हणून आकडा बोर्डाबाहेर साठवणं गरजेचं. एक छोटी स्क्रिप्ट दर मिनिटाला तो ‘रन’ फोल्डरमधल्या फाइलमध्ये टाकते. ते फोल्डर रॅममध्येच असतं, त्यामुळे कार्डाला झीज नाही. तिथून नोड एक्स्पोर्टर हा बोर्डाचे आकडे बाहेर देणारा प्रोग्राम तो उचलतो. ते आकडे साठवणारा प्रोमिथियस मुद्दाम जुन्या लॅपटॉपवर ठेवलाय. तो सतत लॉग लिहितो, आणि ज्या कार्डाची तब्येत बघायची त्याच्यावरच तो भार टाकण्यात अर्थ नाही.

उष्णतेचं म्हणाल तर ८० अंशांना पाय ४ वेग कमी करायला लागतो आणि ८५ ला आणखी आवरतो. पण आपल्या ठाण्यात नुसता चिपचा आकडा फारसं सांगत नाही. जानेवारीत खोली २७ आणि चिप ६२, मे महिन्यात खोली ३५ आणि चिप ७०, म्हणजे हीटसिंकचं (चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्याचं) काम दोन्ही वेळा सारखंच. म्हणून ग्राफाना या आलेख काढणाऱ्या प्रोग्राममध्ये चिपमधून खोलीचं तापमान वजा करून आलेख काढतो. हा फरक वाढू लागला, तर धूळ बसली किंवा थर्मल पॅड सुटला असं समजून केस उघडायची.

आता कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, पीएसआय (प्रेशर स्टॉल इन्फॉर्मेशन) चालू करून बघायचंय. कर्नलच्या ४.२० आवृत्तीपासून आलेली ही सोय सीपीयू, मेमरी आणि आयओ (डिस्कवरची वाच-लिही) यांपायी किती वेळ अडून राहिलं ते वेगवेगळं सांगते. नवी मुंबईत कुणी पाय ५ पंख्याविना चालवत असेल, तर चिप आणि खोली यांतला फरक जरूर कळवा. भार काय होता तेही लिहा, म्हणजे तुलना करता येईल.