हाक कुणाची?

फुटबॉल टीममधला दुसरा गोलकीपर म्हणजे काय नोकरी असते ते आधी सांगतो. आठवडाभर स्ट्रायकर लोकांचे शॉट अंगावर घ्यायचे आणि मॅचला बिब घालून बेंचवर बसायचं. मॅचचे ग्लोव्हज मी वेगळे जपून ठेवतो, तळव्याचं लॅटेक्स सरावात लगेच झिजतं, आणि कोरडं असलं की बॉल निसटतो म्हणून उतरायच्या आधी त्यावर पाणी मारायचं असतं. त्या दिवशी मुंबईत कूपरेजच्या मैदानावर तेपण राहिलं, कारण ६३व्या मिनिटाला आमच्या कीपरचा खांदा निखळला आणि मला धड दोन उड्या मारायलाही वेळ मिळाला नाही.

७८व्या मिनिटाला डावीकडनं आत वळणारा क्रॉस आला. गोलपासून साडेपाच मीटरवरच्या लाईनवर पडणारा असला बॉल म्हणजे डोक्याला ताप, पुढं गेलो आणि चुकलो तर गोल मोकळा, नाही गेलो तर कुणीतरी समोरनं डोकं घालणार. मी एक पाऊल टाकलं आणि थांबलो. आमचा स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, हेडरला उठणार तेवढ्यात "कीपर!" (म्हणजे बॉल माझा, तू सोड) अशी हाक ऐकून खाली वाकला, बॉल त्याच्या डोक्यावरनं गेला आणि मागच्या पोस्टला त्यांच्या पोरानं गुडघ्यानं आत ढकलला.

आता ही हाक कुणाची? त्यांच्या स्ट्रायकरनं फसवायला मारली असेल तर त्याला सरळ यलो कार्ड आणि आम्हाला इनडायरेक्ट फ्री किक. रेफ्रीला काही ऐकूच आलं नाही म्हणे. मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमला पेठांच्या मॅचला गॅलरी एवढी बोंबलते की शेजारच्या बॅकला काही सांगायचं तर घसा फाडावा लागतो, त्या गोंगाटात माझी हाक कधी चुकली नव्हती. इथं माणसं मोजून पन्नास.

ड्रेसिंग रूममध्ये कोचनं स्टॉपरलाच झापलं, बॉल सोडलासच का म्हणून. (आमच्या कोचसाहेबांना कीपिंगमधलं ओ की ठो कळत नाही, त्यांच्या लेखी गोल खाल्ला की चूक बॅकची, नाही खाल्ला की प्लॅन त्यांचा.) तो म्हणाला, "सर, मी हाक ऐकली." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "माझी नव्हती." पुढच्या दोन मॅच तो बाहेर आणि मी गोलमध्ये.

तेव्हा खात्रीनं बोललो होतो. नंतर क्लबच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ वीस वेळा तरी बघितला असेल. त्याला आवाज नाही. त्या क्षणाला माझं तोंड उघडं दिसतंय, पण तसं तर ते पूर्ण मॅचभर उघडंच असतं.