तुम्ही विचारलंत म्हणून: जीटीओ का विकली

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत, ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी, आणि आता तर पुण्याहून मावसभाऊसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर: "अरे, होत आली होती ना गाडी? मग विकलीस कशाला?" त्या 'होत आली होती'वर सगळे जो जोर देतात, त्याचा मला आता वीट आलाय. गाडी म्हणजे माझी जुनी अमेरिकन पॉन्टियाक जीटीओ, जी मी घरच्या गॅरेजात पुन्हा नवी करत होतो. म्हणून एकदाच लिहून टाकतो. यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

आधी जे खरं नाही ते. हिच्यामुळे विकली नाही. हा तर्क सगळ्यांचा आवडता, आणि सगळ्यात अन्यायाचा. गॅरेज जीटीओनं अडवलं म्हणून ही मिशिगनच्या हिवाळ्यात रोज सकाळी स्वतःच्या गाडीवरचा बर्फ खरवडून कामावर जायची. तक्रार केली नाही. बरं, केली, पण ती रास्त होती. पैशाची नड नव्हती. पाठ दुखते, पण ती या गाडीच्या आधीपासून दुखते. भारतात परत यायचं ठरलेलं नाही. आणि 'तिच्यात हेमी नव्हती म्हणून का?' असं ज्यांनी विचारलं त्यांना सांगतो, हेमी हे इंजिन क्रायस्लरचं. ही पॉन्टियाक. कृपया.

गाडी १९६८ची. हार्डटॉप, चार गियर, व्हर्डोरो ग्रीन. चासी नंबर २४२नं सुरू होणारा, म्हणजे लेमान्सला, पॉन्टियाकच्याच साध्या मॉडेलला, जीटीओचे बिल्ले चिकटवून केलेली नकली नव्हे. पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत मागवली होती. रंग, गियरबॉक्स, झाकणाआड लपणारे हेडलाईट, सगळं त्यात जुळलं. इंजिन ४०० घनइंची, म्हणजे साडेसहा लिटरच्या वर, ३५० हॉर्सपॉवरचं, आणि ब्लॉकवरचा नंबरही तिचाच. दुर्मीळ म्हणाल तर नाही. त्या वर्षी ८७,६८४ जीटीओ बनल्या. माझी बनली पॉन्टियाक गावात, मी राहतो तिथून अर्ध्या तासावर. तो कारखाना ज्यांचा होता त्या जनरल मोटर्सनं २००९मध्ये पॉन्टियाक हे नावच गुंडाळायचं जाहीर केलं, तेव्हा इथल्या म्हाताऱ्यांनी सुतक पाळल्यासारखे चेहरे केले होते.

मी घेतली तेव्हा ती गाडी कमी आणि गंज जास्त होती. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे मागची मडगार्डं खालून खाल्लेली, डिकीच्या तळातून जमीन दिसत होती, मागच्या काचेभोवतीचा पत्रा बोटानं दाबला की आत जायचा. आधीच्या कुणीतरी त्यावर बोटभर जाडीची लांबी (पुट्टी) भरून रंग मारला होता. ती सगळी खरवडून काढली, पत्रे कापून नवे जोडले. वेल्डिंग शिकलो. शिकताना किती पत्रा वाया घालवला ते विचारू नका. सगळ्यात जास्त रडवलं पुढच्या नाकानं. ६८ला पॉन्टियाकनं क्रोमचा बंपर काढून एन्ड्युरा नावाचं रबरासारखं नाक बसवलं, गाडीच्याच रंगात रंगवलेलं. त्या वर्षी 'मोटर ट्रेंड'नं तिला कार ऑफ द इयर केलं, त्यात त्या नाकाचा वाटा मोठा. पण तेच नाक पन्नास वर्षांनी भेगाळतं. त्यावरचा रंग लवचिक लागतो, आणि शेजारच्या पत्र्यावरच्या हिरव्याशी तो जुळवणं म्हणजे काय असतं ते एखाद्या पेंटरलाच विचारा.

विकली तेव्हा पत्रा, रंग, गियरबॉक्स, ब्रेक सगळं झालं होतं. छताचं आतलं कापड, दारांची पॅनल, हेडलाईटच्या झाकणांच्या व्हॅक्यूम नळ्या आणि बॉनेटवर बसणारा टॅकोमीटर एवढं राहिलं होतं. आणि इंजिन. इंजिनाचं सांगतो.

इंजिन बाहेरच्या वर्कशॉपमधून बोअर करून आणलं, जुळणी मी केली. नवा कॅम घातला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा. मूळच्याच पद्धतीचा, सपाट टॅपेटचा; टॅपेट म्हणजे कॅमच्या उंचवट्यांवर टेकून चालणारे छोटे ठोकळे. अशा कॅमचं पहिलं अर्ध्या तासाचं चालणं फार नाजूक असतं. कॅमच्या उंचवट्यांना तेल मिळतं ते मुख्यतः खाली फिरणाऱ्या क्रँकनं उडवलेलं. आयडलवर, म्हणजे इंजिन मंद चालताना, ते पुरेसं उडत नाही. म्हणून इंजिन सुरू झाल्या झाल्या दोन ते अडीच हजार आरपीएमवर न्यायचं आणि वीस-तीस मिनिटं खाली येऊ द्यायचं नाही. तेलात जस्त भरपूर हवं. हल्लीच्या तेलांत ते कमी असतं, कारण त्याच्याबरोबर येणारा फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारतो. हे सगळं मला माहीत होतं. तेल खास आणलं होतं, कॅमला लावायचा लेप लावला होता, चालू करायच्या आधी ड्रिलनं ऑइल पंप फिरवून तेलाचा दाब बघितला होता. हे एवढ्यासाठी सांगतोय की नंतर प्रत्येकानं मला तेलाबद्दलच शिकवलं.

मे महिन्यातला शनिवार. मुलगा पाण्याचा पाइप धरून रेडिएटरपाशी, मी थ्रॉटलच्या स्क्रूवर. आणि आवाज ऐकून कुंपणापलीकडचे आजोबा आले. ते तरुणपणी पॉन्टियाकच्या लाइनवर दारं बसवायला होते. इतकी वर्षं ते येऊन बघून जायचे, दाराच्या फटी बघून हसायचे: "आम्ही इतक्या नीट कधी बसवल्या नव्हत्या." त्या दिवशी मात्र ते हसले नाहीत. इंजिन अडीच हजारावर गर्जत होतं, सायलेन्सर अजून अर्धेच जोडलेले, आणि आजोबा त्या आवाजावर ओरडून बोलत होते. पगाराचा दिवस, वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू, सिग्नलला शेजारी येऊन थांबलेली गाडी, कुणाची तरी बहीण, कुणीतरी व्हिएतनामला गेलेला. मुलगा तोंड उघडं ठेवून ऐकत होता. मला त्यातलं निम्मं ऐकू आलं नाही. माझा कान कॅमकडे होता.

मध्येच त्यांनी मडगार्डवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. गाडी माझी, हिवाळे माझे, करवतीनं फाटलेला अंगठा माझा, आणि त्या क्षणी तिथे सगळ्यात कमी हक्काचा माणूस मी होतो. १९६८मध्ये माझे वडील कराडला सायकलवरून शाळेत शिकवायला जायचे. या आवाजात माझं असं काहीच नव्हतं.

मग टिक. आधी वाटलं एक्झॉस्टची गळती असेल. टिक, टिक, टिक, डावीकडून, आणि इंजिन किंचित लंगडायला लागलं. अर्धा तास भरायचाच होता. चावी बंद केली.

आजोबांनी लगेच ओळखलं, पण म्हणाले नाहीत. ते घरी गेले. मी ऑइल फिल्टर काढला, पत्र्याचा डबा कापला, आतला घड्यांचा कागद उलगडून उन्हात धरला. घडीघडीत चमक. लोहचुंबक फिरवला, बारीक काळी मिशी चिकटून आली. कॅमचे एक-दोन उंचवटे खाल्ले गेले होते आणि त्यांचा चुरा तेलाबरोबर सगळ्या बेअरिंगांतून फिरला होता. म्हणजे नुसता कॅम बदलून भागणार नव्हतं. इंजिन उतरवायचं, सगळं उघडायचं, धुवायचं, पुन्हा.

वर्कशॉपवाला म्हणाला, तेल. मी म्हणालो, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा गरजेपेक्षा ताठ होत्या. कॅम विकणारा म्हणाला, टॅपेट फिरत नसणार. तिघांपैकी कोण बरोबर, ते ठरलं नाही. ठरणारही नाही.

पण तुम्ही विचारलंत ते इंजिनाबद्दल नव्हे. तो कागद हातात धरल्यावर मला काय वाटलं ते कुणालाच सांगितलं नव्हतं, हिलाही नाही. मला हायसं वाटलं. वाईट वाटायच्या आधी, अगदी पहिलं, हायसं. चला, अजून एक हिवाळा. अजून ही कुणाची झाली नाही.

आता इथे तुम्ही म्हणाल, मग ठेवायची होती, करत बसायचं होतं जन्मभर. हेच मी स्वतःलाही म्हणालो. ज्या माणसाकडून मी ही गाडी घेतली, त्यानंही खोकीच्या खोकी भाग गोळा करून अर्ध्यात सोडली होती, आणि परत येताना मी गाडीत मित्राला ऐकवलं होतं की असल्या लोकांना सुरुवातच करू देऊ नये. तो तेव्हाचा मी आज समोर आला तर मला चांगलाच फैलावर घेईल. त्याला सांगायला माझ्याकडे फार काही नाही. एवढंच, की तू ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारची स्वप्नं बघतोस, ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या त्या मिरवणुकीला, वुडवर्डवरून हिरवी जीटीओ काढायची म्हणतोस, पण तिथे गाडी उभी करून खुर्ची टाकून बसलास की दर पाच मिनिटांनी एक माणूस येईल आणि म्हणेल, माझ्याकडे अशीच होती, कॉलेजला असताना. मग विचारेल, तू कुठून घेतलीस? त्याच्या विचारण्यात काही वाईट नसेल. तू ऐकून घेशील. दुसऱ्यांच्या आठवणींची राखण करत बसशील.

तो तेव्हाचा मी यावर म्हणेल, हे सगळं तुला नंतर सुचलंय. दमलास, चिडलास, इंजिन पुन्हा उघडायचा कंटाळा आला, आणि आता त्याला परकेपणाचं गोंडस कारण जोडतोयस. शिवाय हा देश तुला परका असता तर तू इथे घर घेतलं नसतंस. आणि मला याचं उत्तर देता येत नाही. खरंच, शनिवारी हायसं वाटलेल्या माणसानं रविवारी बाही सरसावून इंजिन उतरवायला हवं होतं. मी नाही उतरवलं. महिनाभर गॅरेजचं दारच उघडलं नाही.

मग जाहिरात दिली. फिल्टरच्या कागदाचा फोटो पहिलाच टाकला. त्यामुळे अर्ध्या लोकांनी फोनच केला नाही, आणि ज्यांनी केला त्यांनी भाव असा पाडला की जणू मी भंगार विकतोय. जवळजवळ पूर्ण झालेली गाडी विकणं हे अर्धवट गाडी विकण्याहून वाईट, हे तेव्हा कळलं. अर्धवट गाडीत माणूस स्वतःला बघतो. पूर्ण होत आलेल्या गाडीत तो फक्त विचार करतो की यानं शेवटी का सोडली, नक्की काय लपवलंय. एक जण रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन आला आणि तासभर मडगार्डं मोजत बसला. कुठेच लांबी सापडली नाही म्हणून तो जरा खट्टूच झाला.

घेतली ती ओहायोच्या एका माणसानं. त्यानं कागद बघितला, खांदे उडवले, म्हणाला, रोलर कॅम टाकीन. मूळचं राखायचं म्हणून जे मी कधी केलं नसतं ते तो एका वाक्यात करून मोकळा झाला. त्याच्याकडे ६८ची काही आठवण असण्याचं कारण नाही, माझ्या मुलाहून थोडाच मोठा असेल. म्हणजे माझं सगळं तत्त्वज्ञान तिथेच गडगडलं, असं हिचं म्हणणं. असू शकेल. त्याचा फोन अजून येतो, व्हॅक्यूमची कुठली नळी कुठे जाते ते विचारायला, आणि मी पाऊण पाऊण तास बोलतो. हे तुम्ही कमीपणाचं समजा किंवा काहीही.

किती तोटा झाला, हे सांगणार नाही. वही आहे, सगळ्या पावत्यांसकट.

आजोबांनी 'का' असं विचारलं नाही. कुंपणापाशी येऊन विचारलं, कितीला? मी आकडा सांगितला. ते म्हणाले, स्वस्तात दिलीत, नंबर जुळणारा ब्लॉक होता, कॅमचं काम म्हणजे दोन शनिवार-रविवार. मी म्हणालो, बेअरिंगं पण गेली होती. ते म्हणाले, तुम्ही बघितली होतीत का उघडून? नव्हती बघितली. त्यावर आमचं अजून जमलेलं नाही. परवा कचऱ्याचे डबे बाहेर काढताना त्यांनी पुन्हा तोच विषय काढला.