शनिवारची येण्यांची यादी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) मी एकोणीस वर्षं अकाउंट्स बघते. दर शनिवारी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून येण्यांची, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायच्या पैशांची, यादी काढायची, नव्वद दिवसांवर गेलेल्या पार्ट्यांवर लाल पेनाने गोल करायचा आणि कागद मालकांच्या टेबलावर ठेवायचा. पहिल्याच वर्षी ते मला म्हणाले होते, "ताई, बिल फाडलं म्हंजे विक्री झाली न्हवं. पैसं खात्यावर पडलं की विक्री."

२०१६ मध्ये शेअर घेताना मात्र हे मला आठवलं नाही. पंपाचे सुटे भाग करणारी एक कंपनी होती. भाव ६२ रुपये, शेअरमागे वर्षाचा नफा १२ रुपये, म्हणजे पी/ई (भाव वर्षाच्या नफ्याच्या किती पट, तो आकडा) पाचाच्या आसपास. त्याच धंद्यातल्या बाकीच्या कंपन्या अठरा-वीस पटीला मिळत होत्या. मुलीच्या कॉलेजसाठी केलेली आरडी नुकतीच सुटली होती, त्यातले दीड लाख मी घातले. अडीच वर्षांत भाव ९ रुपयांवर आला.

मग जुने वार्षिक अहवाल काढून बसले. नफा तिन्ही वर्षं वाढलेला, पण कॅश फ्लोच्या, म्हणजे रोख किती आली-गेली त्या, पानावर धंद्यातून आलेली रोकड तिन्ही वर्षं उणे. येणी ९० दिवसांच्या विक्रीएवढी होती, ती १९० दिवसांवर गेलेली. बिलं फाडली जात होती, पैसे येत नव्हते. आमच्याकडे अशी पार्टी असती तर मी कधीच लाल गोल केला असता. त्या रात्री झोप लागली नाही. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण जे काम मला येतं तेच मी केलं नव्हतं, हे जास्त लागलं.

तेव्हापासून पी/ई, बुक व्हॅल्यू (देणी वजा करून कंपनीची मालमत्ता) सगळं नंतर. आधी वहीत दहा वर्षांचा नफा एका ओळीत मांडते, त्याखाली दहा वर्षांची धंद्यातून आलेली रोकड, आणि दोन्हींची बेरीज घेते. एखाद्या वर्षी फरक पडतोच. कच्चा माल भरून ठेवलेला असतो, मोठी ऑर्डर मार्चएंडला गेलेली असते. दहा वर्षांच्या बेरजेत तो फरक बराचसा मिटायला हवा. मिटत नसेल तर शेअर कितीही स्वस्त दिसो, वही बंद.

त्यानंतर वार्षिक अहवालातली येण्यांची टीप. २०२१-२२ पासून कंपन्यांना येणी वयानुसार फोडून दाखवावी लागतात: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन वर्षं, दोन ते तीन, तीनच्या वर. म्हणजे माझी शनिवारची यादीच! ही माहिती घरबसल्या फुकट मिळते आणि माणसं व्हॉट्सॲपवरच्या टिपांवर पैसे लावतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० अंकांहून जास्त पडला, तेव्हा मी हीच वही उघडली. कारखान्यांना लागणारं गाळणीचं कापड विणणारी एक कंपनी त्यात दोन वर्षं मांडून ठेवली होती. नाव लिहीत नाही, माझ्या भरवशावर कुणी घेऊ नये. त्या आठवड्यात अख्ख्या कंपनीची बाजारातली किंमत २१० कोटी होती. त्यातल्या १२० कोटींच्या बँक ठेवी, कर्ज शून्य. म्हणजे धंदा ९० कोटींना मिळत होता आणि व्याज सोडून वर्षाला पंधरा कोटी कमावत होता. दहा वर्षांचा नफा १४० कोटी, रोकड १३४.

पण ठेवी खऱ्या कशावरून? ७ जानेवारी २००९ च्या पत्रात सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी कबूल केलं होतं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वातच नाही. त्याच पत्रात न मिळालेल्या ३७६ कोटींच्या व्याजाचीही कबुली होती. म्हणून नफा-तोटा पत्रकात व्याज दिसलं एवढ्यावर मी थांबत नाही. कॅश फ्लोमध्ये ते हातात पडलेलं दिसतं का, हे बघते. इथे आठ कोटी पडलेले होते. १२० कोटींवर आठ कोटी, बँकेच्या दराशी जुळणारे.

त्या कापडवाल्या कंपनीचे शेअर तीन टप्प्यांत घेतले. बाजार उसळला तरी दिवाळीपर्यंत हिचा भाव जागचा हलला नाही. घरात विचारणा व्हायची. पण ताळेबंद सहा महिन्यांतून एकदाच येतो, मी तेवढ्याची वाट बघायचे. पुढे भाव चढला, मुलीच्या दुसऱ्या वर्षाची फी त्यातूनच भरली. उरलेले शेअर अजून आहेत.

यंदाच्या अहवालात सहा महिने ते वर्ष या रकान्यातली येणी २ कोटींवरून ७ कोटींवर गेली आहेत. मी त्यावर लाल गोल केला आहे. वार्षिक सभा व्हिडिओवर आहे आणि प्रश्न विचारता यावा म्हणून वक्ता म्हणून नाव नोंदवलं आहे. प्रश्न एकच: हे पाच कोटी एकाच पार्टीकडे अडकलेत का, आणि तिला माल अजून जातोय का?