आमची वाटचाल: तेल गाळण्यापासून चुरचुर ऐकण्यापर्यंत

आमच्याकडे पहिलं मशीन होतं ते ट्रान्सफॉर्मरचं तेल फिल्टर करायचं. तेही जुनं, इचलकरंजीच्या एका कंत्राटदाराकडून हप्त्यानं घेतलेलं. टेम्पोत टाकायचं, कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्याच्या यार्डात रात्रभर चालवायचं, सकाळी तेलाची बीडीव्ही काढून दाखवायची आणि बिल लावायचं. २.५ मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये तेल किती केव्हीला (हजार व्होल्टला) फुटतं, म्हणजे ठिणगी आरपार जाते, एवढाच तो खेळ. तेलातलं पाणी गेलं की आकडा चढतो, गिऱ्हाईक खूश.

चार-पाच वर्षांनी डोक्यात उजेड पडला. तेल गाळताना त्यात विरघळलेले वायूही निघून जातात, आणि आतली खबर तर तेच देत असतात. हायड्रोजन वाढला तर आत बारीक डिस्चार्ज, म्हणजे बारीक ठिणग्या, चालल्यात. ॲसिटिलीन दिसलं तर आर्क मारतोय. इथिलीन म्हणजे कुठंतरी तेल भाजतंय. कार्बन मोनॉक्साइड वाढला की वाइंडिंगच्या कागदाची काळजी करायची. म्हणजे इतकी वर्षं आम्ही पैसे घेऊन पुरावा पुसत होतो. तेव्हापासून नियम केला: आधी काचेच्या सिरिंजमध्ये, बुडबुडा न शिरू देता, नमुना काढायचा, तो लॅबला पाठवायचा, आणि मग फिल्टरला हात लावायचा. "दोन-दोन बिलं कशाला?" म्हणून काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

तेलाच्या ट्रान्सफॉर्मरचं असं निदान तरी होतं. एचटी (उच्च दाबाच्या) पॅनेल आणि केबलचं काय? तिथं सगळ्यांचा भरवसा मेगरवर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरवर. शटडाऊन घ्या, मेगर लावा, गिगाओहम आले की लाइन चालू करा. पण इन्सुलेशनच्या आत हवेचा एखादा बुडबुडा राहिला असेल तर विजेचा ताण त्याच्यावर जास्त पडतो, आणि सोसायची ताकद हवेची कमी. मग त्या पोकळीत ठिणगी पडते. बाकीचं इन्सुलेशन शाबूत, म्हणून काहीच ट्रिप होत नाही. विद्युतभार इतका थोडा की तो पिकोकूलंबमध्ये मोजतात. पण ५० हर्ट्झला सेकंदाला १०० अर्धचक्रं, आणि दर अर्धचक्रात हे चालू. वाळवीसारखं आतून पोखरत जातं, कधी महिने, कधी वर्षं. यालाच पार्शल डिस्चार्ज म्हणतात, आणि तो पकडायचा तर व्होल्टेज चढलेलंच पाहिजे; आम्ही ते लाइन चालू असताना करतो.

त्यासाठीचं हातातलं यंत्र घेतलं ते कर्ज काढून. पॅनेलच्या पत्र्यावर येणारे क्षणिक व्होल्टेज मोजणारा एक सेन्सर आणि अल्ट्रासॉनिकचा एक, सोबत हेडफोन. किंमत आमच्या टेम्पोपेक्षा जास्त. वर्षभर ते बहुतेक कपाटातच होतं. "ओ साहेब, चालू गाडीचं बॉनेट कशाला उघडायचं?" असं एका प्लँट मॅनेजरांनी विचारलं होतं. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

त्यात पहिलंच मोठं काम अंगावर आलं. एक फौंड्री, ३३ केव्हीची. रीडिंग इतकं चढलेलं की मी ताबडतोब शटडाऊन घ्यायला लावला. एक पाळी बुडाली. पॅनेल उघडलं, आत सगळं लख्ख. इंडक्शन फर्नेसच्या (विजेच्या भट्टीच्या) थायरिस्टरांचा, म्हणजे वीज झपाट्यानं चालू-बंद करणाऱ्या स्विचांचा, गोंगाट होता तो. सगळ्या पॅनेलवर सारखंच रीडिंग येतंय, इथंच मला शंका यायला हवी होती. मालक काही बोलले नाहीत. चहा पाजला, आणि पुढं सात वर्षं बोलावलं नाही. आता आम्ही आधी खोलीच्या लोखंडी दाराचं रीडिंग घेतो, म्हणजे नुसता गोंगाट किती ते कळतं. पल्स दर चक्रात दोनदा, अर्ध्या चक्राच्या अंतरानं येतायत का ते बघतो. आणि फर्नेस बंद असताना परत जातो, मग रात्रीचे दोन का वाजेनात.

काम खरं वाढलं ते २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर. पंचगंगेचं पाणी कित्येक पॅनेल रूममध्ये शिरलं होतं. लोकांनी हॅलोजन आणि ब्लोअर लावून पॅनेलं वाळवली, मेगर चांगला आला, कारखाने सुरू झाले. दिवाळीच्या सुमारास एका ११ केव्हीच्या पॅनेलजवळ हेडफोन लावला तर तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चुरचुर. उघडलं तेव्हा ओझोनचा उग्र वास नाकात गेला. सपोर्ट इन्सुलेटरच्या खाचेत नखभर गाळ, त्याच्या कडेनं पांढरी भुकटी, तांब्यावर हिरवट गंज. दुपारी मेगर लावताना तो गाळ कोरडा असायचा. रात्री गारव्यानं ओल धरायचा, आणि वर चालू व्होल्टेज.

त्याच सुमारास मामा आमच्याकडे आले. तीस वर्षं केबल जॉइंटर, नंतर घरी बसलेले. एका २२ केव्हीच्या केबल एंडला आम्ही अर्थिंगच्या विणलेल्या तारेवर क्लॅम्प लावून डिस्चार्ज पकडला होता. केबलच्या टोकाला बांधलेलं किट कापून काढायला मामांना नेलं. इन्सुलेशनवरचा काळा सेमीकॉन (अर्धवट वीजवाहक) थर जिथं संपतो तिथं त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं आणि थांबले. "हितं बघा." सुरीची एक चीर, दोऱ्याएवढी, तिच्यातून काजळीची बारीक फांदी आत गेलेली. थर सोलताना हात जरा जड पडला की असं होतं. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे मीच बांधलंय. त्या दिवशी लाइन लवकर पाहिजे होती त्यांना."

नवीन पोरांना सेमीकॉन सोलायला आता मामाच शिकवतात. सुरीला हात लावू देत नाहीत, सोलायचं हत्यार देतात.

सध्या आम्ही सहा जण आहोत. गाळप हंगामाआधी साखर कारखाने, पावसाळ्यात बाकी सगळे. ती फौंड्रीही गेल्या वर्षीपासून परत आली. मागच्या आठवड्यात तिथं गेलो तर पॅनेलमधला ओल धरू नये म्हणून असलेला हीटर वीज वाचवायला कुणीतरी बंद केलेला. चालू करून आलो. बिलात धरलेला नाही.